उलटा आलेख

पडद्यावरची रेघ डावीकडून निघाली ती चांगली सरळ निघाली, मध्यावर जराशी रेंगाळली आणि उजवीकडे जी घसरली ती घसरतच राहिली. आपल्याला कमी ऐकू येतं, हे काही दिनकरच्या मनात आधी आलं नाही. ते त्याला बायकोच्या, कल्पनाच्या चेहऱ्यावरून बऱ्याच दिवसांपासून कळत होतं आणि तितकेच दिवस तो ते न कळल्यासारखं करत होता. त्याच्या मनात आलं, ही रेघ आपल्या ओळखीची आहे. निशातगंजच्या बाजारातल्या, खाली चपलांचं दुकान असलेल्या या दवाखान्यात तो पहिल्यांदाच आला होता. बँकेत जातो सांगून आला होता. असला आलेख त्यानं जन्मात काढून घेतला नव्हता. आणि तरी लग्नाच्या मांडवात समोरून कोणी यावं, कोण ते आठवू नये, पण हात मात्र नमस्काराला वर जावेत, तसं त्याचं झालं. "ये आपके दाहिने कान का है, सर," कान तपासणारी नयना म्हणाली. ती तोंड त्याच्याकडे करून, शब्दांमध्ये जागा सोडत बोलत होती. "बायाँ भी लगभग यही है. मोटी आवाज़ें आप अच्छी सुनते हैं. बारीक वाली गिर गई हैं. चिड़िया, चूड़ी, स, श... ये सब." दिनकरनं मान हलवली. त्याची बोटं टेबलाच्या कडेवर आपणहून चालली होती: डावीकडे मधोमध, मग जरा वर, मग आणखी वर, आणि उजव्या टोकाला हात पोचेल तितकं वर. बोटांना त्याच्याआधी कळलं. रेघ खाली डोकं वर पाय केली की ती मराठी मंडळाच्या इक्वलायझरवर, आवाज लावायच्या यंत्रावर, त्यानं स्वतःच्या हातानं वरखाली सरकवून ठेवलेल्या स्लायडरांची रांग होती.

आता हे म्हणजे हसावं की रडावं. लखनौतल्या यच्चयावत मराठी माणसांना इक्वलायझर म्हणजे काय ते समजावून सांगण्याचं काम जर कोणी अंगावर घेतलं असेल, तर ते डॉक्टर दिनकर यांनी, आणि तेही कोणी विचारलेलं नसताना. संशोधन संस्थेत त्याचं आयुष्य झाडांच्या मुळांवर लागणाऱ्या बुरशीत गेलं, पण मंडळात तो बुरशीबद्दल अवाक्षर काढत नसे. तिथं तो सांगे, की जुन्या टेपरेकॉर्डरला दोन बटणं असायची, जाड आवाजाचं एक नि बारीक आवाजाचं एक. ती फिरवली की एका बाजूचा सगळाच भाग सरसकट वर उचलला जातो, मांडव एका बाजूनं उचलावा तसा. आपला हा ग्राफिक इक्वलायझर निराळा. हा मिसळणाच्या डब्यासारखा. मोहरीची वाटी मोहरीचीच, हळदीची हळदीचीच; जागा ठरलेल्या, कमीजास्त तेवढं आपल्या हातात. आणि पॅरामेट्रिक म्हणजे सुगरणीचा हात: कुठल्या जागी हात घालायचा तेही आपण ठरवायचं, किती रुंद घालायचा तेही, आणि वाढवायचं की काढायचं तेही. हळदीकुंकवाच्या बायकांपासून सैन्यातल्या मेजरांपर्यंत सगळ्यांनी हे निमूट ऐकून घेतलं होतं. आणि आता या चपलांच्या दुकानावर त्याला कळत होतं, की मिसळणाचा डबा उघडून बसलेल्या या आचाऱ्याची जीभच केव्हाची गेली आहे, आणि तो आपल्याला तिखट लागेपर्यंत सगळ्यांच्या पानात तिखट ओततो आहे.

नयनानं त्याच्या दोन्ही कानांमागे यंत्रं बसवली, तार आत सरकवली आणि संगणकावर काहीतरी केलं. तत्क्षणी खोलीत कोणीतरी कागद फाडायला लागलं. दिनकरनं वळून पाहिलं. कोणी नव्हतं, तो स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीचा आवाज होता. खुर्ची कुरकुरली. बाहेर जिन्यात चपला फटफटल्या. पंखा बंद असूनही भिंतीत कुठंतरी बारीक सूं चाललेलं होतं. "ये भी एक इक्वलायज़र ही है, सर," नयना म्हणाली, आणि तिच्या बोलण्यातला शेवटचा स त्याला असा लख्ख ऐकू आला, की एखादी ओळखीची मुलगी एकदम मोठी होऊन समोर यावी तसं वाटलं. "जो हिस्सा आपका गिरा है, सिर्फ़ वही उठाएगा. सिर्फ़ आपके लिए. लेकिन अभी इन पर भरोसा मत कीजिएगा. दिमाग़ को आदत होने में हफ़्ते लगते हैं, तब तक सब टीन जैसा लगेगा." आदत मलाही लागेल आणि तिलाही, दिनकरच्या मनात आलं. तिलाही, म्हणजे कल्पनाला. घरात हल्ली जेवायला ती त्याच्या डाव्या हाताला बसते, पूर्वी समोर बसायची, हे त्याला आत्ता आठवलं. डावा कान नयनाच्या म्हणण्याप्रमाणे उजव्याहून किंचित बरा होता. कल्पनाला हे कुठल्याही आलेखाशिवाय कळलं होतं, आणि तिनं नुसतं ताट उचललं होतं.

बादशाहनगरहून त्यानं मेट्रो घेतली. उतरायचं होतं आलमबागला, मंडळाच्या हॉलवर, कारण आज संक्रांतीचा कार्यक्रम होता. धुक्यामुळे मंडळी संध्याकाळी बाहेर पडायला कुरकुरतात म्हणून तो दुपारचाच ठेवला होता. मंडळातल्या जयसिंगरावांची नात स्वरदा पहिल्यांदाच एकटी गाणार होती, आणि आवाजाच्या टेबलाशी, नेहमीप्रमाणे, दिनकर. नेहमीप्रमाणे हा शब्द त्याला आज टोचला. मेट्रोत शेजारच्या बाईनं शेंगदाण्याची पिशवी चुरगाळली आणि ते थेट त्याच्या मेंदूत चुरगाळलं गेलं. डोळे मिटून घेतले तर मिरजेचं दुकान दिसायला लागलं. आईचा तानपुरा वर्षातून एकदा तिथं जाई. कारागीर तारेखाली दोरा सरकवायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि तीच तार कधी घुमी बोलायची, कधी उन्हात धरल्यासारखी चमकायची. जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, लागली की नाही, ते तो आईला न विचारता दिनकरला विचारायचा. "याचा कान चोख आहे, ताई." एवढ्या एका वाक्यावर दिनकर जगला असं म्हटलं तर ते जरा जास्त होईल, पण फार जास्त नाही. शिकला, नोकरीला लखनौत आला, आणि पहिला हिवाळा त्याला खायला उठला. खोली थंड, भाषा गोड पण परकी, कोणी आप-आप करून बोलायला लागलं की याचं तोंडच बंद व्हायचं. परतायचं पक्कं झालं होतं. तेवढ्यात मंडळाच्या कसल्याशा कार्यक्रमात माईक शिट्ट्या मारायला लागला, कोणालाच काही सुधरेना, आणि दिनकर मागून उठून गेला. शिट्टीचा सूर त्यानं कानानं पकडला, मिक्सरवरचं एक बटण फिरवत फिरवत बरोबर त्या सुरावर आणलं आणि तेवढीच एक बारीक खाच पाडली, बाकी कशाला धक्का न लावता. शिट्टी गेली. हॉलनं मागं वळून पाहिलं. त्या बटणावर त्यानं चिकटपट्टी लावली, कोणी हलवू नये म्हणून, आणि त्याच खुर्चीत जो बसला तो आजतागायत. परतायचं पुन्हा मनात आलं नाही. लोक म्हणतात नोकरीनं धरून ठेवलं, लग्नानं धरून ठेवलं. त्याला स्वतःला माहीत होतं, त्या खुर्चीनं धरून ठेवलं.

खुर्ची सोडायला हवी हे उघड होतं. असल्या कानांनी तिथं बसणं म्हणजे मोतीबिंदू झालेल्या माणसानं बस चालवणं. पण ती सोडली की मग तो कोण? वृंदावन योजना वसाहतीतल्या तिसऱ्या मजल्यावरचा, कुंड्यांना पाणी घालणारा एक निवृत्त म्हातारा. आणि सोडताना काय सांगायचं? की इतकी वर्षं मी माझं बहिरेपण तुमच्या कानात ओतलं? दरवर्षी एक स्लायडर केसभर वर जात होता, आणि प्रत्येक वेळी त्याला खरंच वाटे की आता आवाज उजळला. पण कोणी तक्रार कशी केली नाही? पूर्वी जयसिंगराव करायचे. विंग कमांडर जयसिंग मोहिते, कऱ्हाडकडचे, हवाई दलातून निवृत्त होऊन इथंच घर केलेले. मंडळाचे कायमचे व्यवस्थापक, थंडी असो वा नसो कानटोपीत. "डॉक्टर, बारीक आवाज जरा खाली घ्या की, कानात सुया टोचत्यात म्हणं बायकांच्या." दोघांची त्यावरून दरवर्षी जुंपायची. आणि मग एका वर्षी जयसिंगरावांनी भांडणं सोडून दिलं. येत, हसत, चहाचा थर्मास ठेवत, यंत्राच्या रॅकपाशी उगीच घुटमळत आणि जात. दिनकरला वाटलं, पटलं अखेर. त्या रात्री घरी तो कल्पनाला म्हणालासुद्धा होता, की शेवटी विज्ञानापुढे हवाई दलाला उतरावंच लागतं. त्याच वर्षी इक्वलायझरवर एक बारीक लाल दिवा दिसायला लागला होता. "हे काय नवीन?" त्यानं विचारलं होतं, आणि जयसिंगराव थर्मासचं झाकण फिरवत म्हणाले होते, "चालू आहे म्हणून लागतोय." दिनकरनं ते मान्य केलं होतं. लाल दिवा लागला म्हणजे यंत्र चालू, यात न पटण्यासारखं काय होतं?

आलमबागला उतरून तो चालत हॉलवर आला तेव्हा आत सतरंज्या घालणं चाललं होतं. एरवी तो खुर्चीत बसे आणि हात सरळ स्लायडरांवर जाई. आज तो बसलाच नाही. चष्मा पुसला, घातला, रॅकपुढे वाकला. स्लायडर गेल्या कार्यक्रमाला ठेवले तसेच होते, नयनाच्या पडद्यावरची रेघ उलटी करून कोणी तिथं ठेवावी तसे. उजव्या कोपऱ्यात तो लाल दिवा, आणि त्याच्याखाली आत दाबलेलं एक बटण. बटणाखाली पांढऱ्या बारीक अक्षरांत छापलेलं होतं, आणि ते त्यानं यंत्र विकत आणलं त्या दिवशीही वाचलं होतं: बायपास. म्हणजे आवाज या डब्यात शिरतच नव्हता. वरून वळसा घालून सरळ पुढे जात होता. स्लायडर वर करा, खाली करा, उपटून खिशात घाला, हॉलला त्याचा पत्ता लागणार नव्हता. दिनकर वाकलेला तसाच राहिला. आधी सुटल्यासारखं झालं, चला, कोणाच्या कानात सुया गेल्या नाहीत. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं मनात आलं. मग तो इतकी वर्षं करत काय होता? हात वर जाई आणि आवाज उजळे, हे त्यानं ऐकलं होतं, शपथेवर सांगितलं असतं. ते त्याला कुठून ऐकू आलं होतं? बोटांतून? लहान पोराला गाडीत पुढे बसवून हातात खेळण्यातलं चाक द्यावं, तशी त्याला ती टेबलामागची खुर्ची दिसायला लागली, आणि सगळा हॉल, सगळी मंडळी, वर्षानुवर्षं हसू दाबत असलेली.

"लावलं का अखेर यंत्र?" मागून आवाज आला. जयसिंगराव थर्मास घेऊन उभे होते. त्यांची नजर दिनकरच्या कानावरून रॅककडे गेली, लाल दिव्यावर थांबली, आणि हवाई दलातला तो दांडगा माणूस थर्मास टेबलावर ठेवायचंही विसरला.

"कधीपासून?" दिनकरनं विचारलं.

"झाली की बरीच वर्षं."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला. दुसऱ्या कुणाला कशाला पाहिजे?" जयसिंगरावांनी कानटोपी मागं सारली. दोन्ही कानांमागे यंत्रं होती, दिनकरच्या यंत्रांपेक्षा जुनी, रंग उडालेली. "इंजिनांच्या आवाजात नोकरी झाली माझी. दरवर्षी मेडिकल, दरवर्षी आलेख. ती घसरगुंडी मला झोपेत ओळखू येते, डॉक्टर. एकदा तुमचे हे स्लायडर बघितले आणि म्हटलं, अरे, हा तर माझाच आलेख उलटा धरलाय."

"मग सांगायचं नाही?"

जयसिंगरावांनी खुर्चीची पाठ धरली. "सांगितलं असतं तर आला असता परत? मला ज्या दिवशी सांगितलं मेडिकलवाल्यांनी, त्या दिवसापासून मी गाण्याला जाणं सोडलं. दोन हिवाळे घराबाहेर पडलो नाही. सरलाला विचारा. बायको म्हणून तिनं कसं काढलं तिलाच ठाऊक. म्हटलं, एका माणसाचं झालं तेवढं पुरे. दाबलं बटण आणि आलो चहा घेऊन."

"आणि आवाज कोण बघत होतं?"

"कोण बघणार? तुमचे कान असले, माझे तसले. कोणीच नाही." ते हसले. "गाणाऱ्यांचं जसं होतं तसं बाहेर गेलं. आणि शिट्टी वाजत नाही ती तुमच्या त्या चिकटपट्टीवाल्या बटणामुळं. त्याला मी कधी हात लावू दिला नाही कुणाला. ते तुम्ही केलं तेव्हा तुमचा कान चोख होता."

दिनकरनं त्या चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. ते शब्द जयसिंगरावांना मिरजेहून कोणी पाठवले नव्हते. तो त्याबद्दल त्यांच्यापाशी कधी बोललाच नव्हता. डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात वर गेला तर बाही पुन्हा कागदासारखी वाजली. राग कुठं गेला ते कळलं नाही. हॉल आता हसू दाबताना दिसेना. दिसत होता तो एक माणूस, दरवर्षी थर्मास हातात घेऊन रॅकपाशी घुटमळणारा, बटण आत आहे ना एवढं अंगठ्यानं चाचपून जाणारा, आणि भांडण हरल्याचा आव आणून ते दुसऱ्याला जिंकू देणारा. कल्पनानं ताट उचलून डावीकडे आणलं, यांनी बटण दाबलं. भाजीवाला भैया हल्ली भाव बोटांनी दाखवतो, तेही आठवलं. आपल्या एकट्याच्या घसरत्या रेघेभोवती इतक्या जणांनी आपापले आवाज, आपापल्या जागा थोड्या थोड्या सरकवून घेतल्या होत्या, आणि आपण मात्र समजत होतो की सगळ्यांचं आपणच नीट लावून देतो आहोत. "जयसिंगराव," तो म्हणाला, "फार उपकार आहेत तुमचे." जयसिंगरावांना हे ऐकू आलं की नाही कोण जाणे, कारण ते एकदम थर्मासचं झाकण उघडायला लागले.

मंचावर स्वरदा माईकपाशी येऊन उभी राहिली होती. तिला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत येई. तिनं चाचणीसाठी चार ओळी गायल्या आणि थांबली. "दिनकर दादू, ठीक है? या थोड़ा और ब्राइट करेंगे?"

दरवर्षी कोणी ना कोणी हे विचारे, आणि दरवर्षी तो हात वर करून सांगे, एकदम बरोबर. नव्या यंत्रांतून तिचा आवाज पत्र्यावर वाटाणे टाकल्यासारखा येत होता. त्यावर भरवसा ठेवू नका, असं नयनानं बजावलं होतं. "मला आज सांगता येत नाही गं," तो मोठ्यानं म्हणाला. सतरंजी घालणारे दोघं त्याच्याकडे बघायला लागले. "माझे कान नवीन आहेत. तू खाली ये, तुझ्या मैत्रिणीला गायला सांग आणि तुझं तू ठरव."

"मैं?"

"तूच. तुझाच कान आता सगळ्यात चांगला इथं."

ती धावत खाली उतरली आणि तिची मैत्रीण माईकपाशी जाऊन गायला लागली. दिनकर रॅकपुढे वाकला आणि डावीकडून सुरुवात करून त्यानं एकेक स्लायडर मधल्या रेघेवर आणला. पहिले काही तिथंच होते. पुढचे किंचित खाली आणायला लागले. शेवटचे अगदी वर चढून बसले होते, आणि तिथून त्यांना उतरवताना त्याची बोटं नाखूश होती, तरी उतरवले. सगळी रांग आखल्यासारखी सरळ झाली तेव्हा त्यानं बायपासचं बटण दाबून बाहेर काढलं. जयसिंगरावांचा हात सवयीनं पुढे आला आणि वाटेतच थांबला. लाल दिवा विझला. आवाजात तसूभर फरक पडला नाही, पडणारही नव्हता. फक्त आता तो डब्यातून जात होता. स्वरदानं टेबलाशी येऊन हॉलच्या मध्यापर्यंत चकरा मारल्या, कान टवकारला आणि मिक्सरवर एकच बटण जरा खाली घेतलं, बाहेरच्या जनरेटरची घरघर कापणारं. चिकटपट्टीशी आल्यावर तिनं विचारलं, "और ये?"

"ते राहू दे," जयसिंगराव आणि दिनकर एकदमच म्हणाले.

मंडळी यायला लागली होती. शालींचा, स्वेटरांचा, तिळाच्या वड्यांच्या डब्यांचा असा आवाज असतो हे दिनकर विसरून गेला होता. त्यानं खुर्ची मागं ओढली. "बसा," तो जयसिंगरावांना म्हणाला.

"तुमची खुर्ची आहे ती."

"आहे ना. म्हणूनच मी सांगतोय. नातीचं गाणं आहे, तिला इथून हात करायला कोणीतरी हवं."

तो बाजूच्या वाटेनं पुढे निघाला. या बाजूनं हॉल त्यानं कधी पाहिलाच नव्हता. टेबलामागून त्याला नुसत्या पाठी दिसायच्या, आणि त्या पाठींत कल्पनाची, चौथ्या की पाचव्या रांगेत, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स. दरवर्षी हॉल फुटेस्तोवर भरे, लोक भिंतीला टेकून उभे राहत, कोणीतरी येऊन वाकून तिला काहीतरी विचारे आणि परत फिरे, पण पर्स हलत नसे. या बाईच्या पर्सला अध्यक्षांपेक्षा चांगली जागा मिळते, असं तो जयसिंगरावांना चेष्टेनं म्हणत आला होता. आज तो तिच्या मागून दोन पावलांवर आला तेव्हा एक मुलगी तिच्याशी वाकली होती. "आंटी, यहाँ कोई बैठा है?"

आणि इतक्या गलबल्यात, शालींच्या सळसळीत, सतरंजीवर ओढल्या जाणाऱ्या खुर्च्यांच्या आवाजात दिनकरला कल्पनाचं उत्तर ऐकू आलं, तेही सहज, रोजचंच असल्यासारखं दिलेलं.

"हाँ बेटा, आ रहे हैं."

मुलगी पुढे गेली. तो तसाच उभा राहिला. मग बाहीचा आवाज झाला असावा, कारण कल्पनानं मान वळवली, त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या कानाकडे पाहिलं, आणि काही न विचारता पर्स उचलून मांडीवर घेतली.